सातव्या वर्षाचं रान

न्हावऱ्याच्या दयाबाईला जन्मभर जेवढ्या शिव्या बसल्या असतील, त्यांतल्या निम्म्या तिच्या रानाच्या दर सातव्या वर्षी बसलेल्या. शिरूरला मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं मेट्रन राहिलेली ही बाई लग्नाच्या भानगडीत पडली नाही. सत्तरी ओलांडली तरी तिच्याशी भांडायला उभं राहायचं म्हणजे छातीच लागे.

सातव्या वर्षाची रीत तिच्याकडे बापाकडून आलेली. बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलंय, की जमीन देवाची, माणसं तिच्यावर नुसती उपरी. ती कायमची विकायची नाही. सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी तिला विसावा द्यायचा आणि आपोआप उगवेल ते गोरगरिबांना खाऊ द्यायचं. गावातले बाकीचे ख्रिस्ती हे रविवारी ऐकत आणि सोमवारी ऊस लावत. दयाबाईचा बाप मात्र अडून बसला, आणि त्याच्यामागं ती. सातवं वर्ष लागलं की ती कुंपणाच्या काट्या काढून टाकायची. मग धनगराची कुशाबाई ओटी खोचून खुशाल आत शिरायची. कुणाला विचारायची गरजच नव्हती.

यंदा सातवं वर्ष होतं, आणि यंदाच पुतण्या जेम्सला रान विकायचं होतं. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टा करून तो पार विटला होता. सातबारा दोघांच्या नावावर. घेणाऱ्याला तुकडा नको, सगळं रान हवं, आणि आत्या सही देईना. "इकायला तुझ्या बापाची हाय का जमीन?" असं ती विचारायची. अर्धी खरोखरच त्याच्या बापाची होती, पण हे तिला सांगणार कोण.

शेवटी जेम्सनं डोकं लढवलं. आत्याला तिच्याच शास्त्रात पाडायचं ठरवून त्यानं पुण्याहून एलायजा थळकरांना गाडीत घालून रानात आणलं. थळकर बेने इस्राएल, मोशेचं शास्त्र मुळात ज्यांचं त्या ज्यूंच्या धर्मशास्त्रात मुरलेले म्हातारे गृहस्थ. दयाबाईनं त्यांना साधं 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. पलीकडे कुशाबाई तांदुळजा खुडत होती.

"बाई, ही आज्ञा आमच्या पूर्वजांच्या देशापुरती आहे," थळकर म्हणाले. "ती भूमी पवित्र, म्हणून तिथं मालकसुद्धा कूळच. बाहेरच्या शेताला हे बंधन आमच्या शास्त्र्यांनी घातलेलं नाही. मी इथं शेती केली असती तर दरवर्षी पेरलं असतं."

"म्हंजी हे रान पवित्र न्हाई?"

"पृथ्वी सगळी त्याचीच, बाई. पण त्या भूमीसारखी पवित्र नाही."

जेम्सला हसू आवरेना. "ऐकलंस, आत्या? देवाला पुढं करून उगंच आडवून ठिवलंस. रान आपलं हाय. साधं आपलं."

दयाबाई संतापली, आणि संतापाच्या तळाशी लाज होती. बापानं आणि तिनं एवढी सातवी वर्षं ओढाताणीत काढली, ती कुणी मागितलीच नव्हती. जेम्सचं थोबाड फोडावं असं तिला वाटलं. त्या म्हाताऱ्याचंही.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आजवर मी सोताला कूळ समजत व्हते. कुळाला जपून बोलावं लागतं. आता मालकीण झाले, तर मालकिणीवानी सांगते. सही न्हाई. का न्हाई, तर माझी मर्जी. जा, कुठल्या कोर्टात जायचं ते जा."

जेम्सचं तोंड उतरलं. आपण नसत्या भांडणात पडलो हे थळकरांना उशिरा कळलं आणि ते गाडीकडे वळले. दयाबाई जिंकली होती, आणि तिला ते गोड लागत होतं.

तेवढ्यात कुशाबाई बांधापाशी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ओटीतली भाजी तिनं दयाबाईच्या पुढ्यात ओतली आणि हात झटकले.

"घ्या, बाई. देवाचं हाय म्हणून खुडत व्हते. तुमचं असंल तर नगं मला."

आणि मागं न बघता ती रस्त्याला लागली.