बबनभाऊंची वीत

ही गोष्ट मी पन्नास वर्षं टाळली. बबनभाऊंचं नाव निघालं की मी त्यांचे किस्से सांगतो, लोक पोट धरून हसतात आणि शेवट मी गाळतो. आज गाळणार नाही.

लोणावळ्याच्या आमच्या कारखान्यात संगणकात घालायची, भोकं पाडलेली कार्डं भाऊंच्या ताब्यात असत. भाऊ जवळच्या तिकोणा पेठ गावचे, बैलगाडा शर्यतीचे वेडे. कार्डं मोजायची त्यांची पद्धत एकच, गठ्ठ्यावर वीत टाकायची. एकदा मी इरेला पेटून सगळी मोजली, तर भाऊंच्या आकड्यापेक्षा दोनच कमी निघाली. "पावसानं फुगल्यात," भाऊ शांतपणे म्हणाले.

नवा संगणक विकायला आलेल्या मंडळींनी स्वतः आणलेलं काम त्यावर चार मिनिटांत उरकून दाखवलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मागून म्हणाले, "बैल त्यांचा, शर्यतीचा घाट त्यांचा, घड्याळबी त्यांच्याच हातात. मग दुसरा कोन जितनार?"

साहेबही हसले. ठरलं, आपल्या गोदामाच्या मालाची कार्डं जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांवर चालवायची आणि वेळ मोजायचा. नवं हरलं तर परत जाईल. जिंकलं तर भाऊ कार्डं सोडून गोदामात जातील. ही पैज भाऊंनीच लावली, मिशीला पीळ देत.

नवं यंत्र घेतलं तर मला शिकायला मुंबईला धाडणार होते. जुन्याची पाळी संपल्यावर मी गठ्ठ्यातली बरीच कार्डं काढून माझ्या पिशवीत कोंबली. नवं यंत्र बघता बघता काम संपवून थांबलं.

भाऊंनी गठ्ठ्यावर वीत टाकली. "साहेब, दीड वीत व्हता. आता वीतच हाय."

मोजत बसायला वेळ कुणाला होता? विकणाऱ्यांनी भुशी धरणावर ठेवलेली जेवणं खोळंबली होती. मी म्हणालो, "भाऊ, तुमचा हात वाढला असेल." सगळे हसून लोळले. भाऊ गोदामात गेले.

मी मुंबईहून परतलो, तेव्हा ते खोक्यावर वीत टाकून मग फूटपट्टीनं ताडून पाहत होते. "वसंता, या वयात हात वाढतो का रं?" ते चेष्टेनं विचारत नव्हते. "वाढतो की," मी म्हणालो.

पुढे एक वाक्य घोकत तिकोणा पेठेला गेलो. भाऊ अंथरुणाला खिळले होते. मला बघताच त्यांनी पंजा पसरला. "बग, आजून वाढतोय." घरातले सगळे हसले. मीही हसलो, चहा प्यायलो आणि उठलो. महिन्याभरात भाऊ गेले.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं: भाऊ, तुमची वीत बरोबर होती, कार्डं माझ्या पिशवीत होती.