बोडी केवढी?

नान्हे सरांच्या वर्गात बसायला जागा असायची, हलायला नसायची. एका खुर्चीवर एकच जण, आणि एकाचं तोंड फळ्याकडे तर शेजारच्याचं मागच्या भिंतीकडे, अशी ते आमची मांडणी करायचे. मग म्हणायचे, "आता चाला." कोण चालणार? सगळ्याच खुर्च्या भरलेल्या. "हेच मॉट इन्सुलेटर. इलेक्ट्रॉन भरपूर, पण एका जागी दोघं नांदत नाही. म्हणून वीज अडली."

मग ते एकाला उठवून बाहेर उभं करत. रिकाम्या खुर्चीत शेजारचा सरके, त्याच्या जागी पुढचा, आणि ती रिकामी जागा वर्गभर हिंडून येई. मागे मात्र तोंडांचा घोळ होई. "रिकाम्या जागेचं हे भोक एकटं हिंडलं तं मागं पसारा. दुसरं त्याच्या मागोमाग गेलं तं पसारा आवरते. मंग ह्या भांडखोरायची जोडी अशीच जमते काय? तांब्याच्या ऑक्साइडमधी इतक्या वरच्या तापमानाले विजेचा अडथळा शून्य होते, थे काहून?" हे 'वरचं' तापमान बर्फाच्याही कितीतरी खाली असतं. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ते ऐकायला आम्हांला फार बरं वाटे.

सर अड्याळकडचे, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातले. विचार करताना हातात सुतळी लागायची. बोटं आपोआप जाळ्याच्या गाठी मारत. कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते वर्षानुवर्षं सोळा खुर्च्यांचं गणित करत होते, आणि त्यात दोन भोकं दरवेळी एकमेकांना चिकटत. त्यावरचा शोधनिबंध हे त्यांच्या उभ्या नोकरीचं फळ होतं. निवृत्ती जवळ आली तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. ते म्हणाले, "पोरी, तुमच्या मोठ्या मशीनवर एकदा फिरवून पाह्य. मंग धाडतो."

मी मांडणी मोठी केली आणि जोडी सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. तो आलेख घेऊन मी भंडाऱ्याला सरांच्या घरी गेले.

सर ताटावर बसले होते. आलेख हातात घेतला आणि जेवण विसरले. काकू म्हणाल्या, "अजी, आधी जेवून घ्या न. पोरगी उपाशी हाय." सरांनी ऐकलंच नाही. आलेखावरून बोट फिरवत म्हणाले, "आमच्या गावची बोडी पाहिली काय तू?" बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. "उन्हाळ्यात पानी आटते, तवा साऱ्या मासोऱ्या एकाच ठिकानी दिसते. त्यायची दोस्ती झाली म्हणून नाही, बोडी लहान झाली म्हणून. लहानपनापासून मले हे ठाऊक होतं. अन् मीच सोळा खुर्च्यायची बोडी घेऊन बसलो."

"वाईट वाटलं ना, सर?"

"वाटनच नं. जेव आता."

निबंध त्यांनी धाडला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात खुर्च्या मांडून स्वतःची चूक स्वतःच शिकवली. मला त्या माणसाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. तेव्हापासून कुणीही काही नवं सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "बोडी केवढी?"

गेल्या हिवाळ्यात सर दवाखान्यात होते. त्याच सुमारास मी गणितात दूरच्या खुर्चीवर उडी मारायची मुभा घातली, आणि मोठ्या मांडणीतही जोडी टिकली. मी धावतच फोन लावला. यावेळी तरी त्यांनी नुसतं खूश व्हावं, असं मला फार वाटत होतं.

पलीकडून दमलेला आवाज आला, "बोडी केवढी?"

मी सांगितली.

"अजून मोठी घे," म्हणाले आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी सर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "तुह्या फोननंतर सुतळी मागितली त्यायनं. गाठी मारत मले म्हणे, जमते वाटते पोरीचं. पण तिले आत्ताच सांगू नको."