पेणची चिठ्ठी, रोह्याचा चष्मा

पेणच्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या बाईंनी भाव उतरवला, हा माझा त्यांच्यावरचा राग आहे. लोकांना तो उलटा वाटतो. भाव कमी केला म्हणून कोणी चिडतं का? पण माझं सगळं आयुष्य भाव करण्यात गेलं आहे आणि कुठला भाव उतरवायचा नसतो हे मला कळतं.

मी वालाचा व्यापारी. निडीच्या बाजूच्या आतल्या गावांतून कडवे वाल उचलतो आणि पेणला माझ्या दुकानात निवडून विकतो. सुरुवात डोक्यावर पोतं घेऊन झाली. निडीला सकाळची गाडी पकडायची, पेणला उतरायचं, बाजाराच्या कडेला गोणपाट पसरायचं. बसायला जागा कोणी दिली नाही, ती मी भांडून घेतली. मग गाळा झाला, मग टेम्पो. शाळा सातवीपर्यंतच झाली, बाकीचं बाजारात शिकलो.

त्यातल्या दोन गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. समोरच्याने भाव सांगितला की हुज्जत घालायची, आणि जमत नसेल तर उठून दाराकडे दोन पावलं चालायची. मागून हाक आली तर सांगितलेला भाव फुगवलेला होता. हाक आली नाही तर तो खरा. मग परत येऊन बसायचं, त्यात लाज नाही. दुसरी गोष्ट, मोठा सौदा असेल तर दोन ठिकाणी विचारायचं, पण दुसऱ्याला पहिल्याने काय सांगितलं ते कळू द्यायचं नाही. कळलं की तो त्या भावाच्या आजूबाजूला खेळतो, स्वतःचं बोलत नाही.

आमच्या वालाला नाव होतं ते मात्र माझ्यामुळे नाही, बायकोमुळे. खडे कोणीही काढतं. वालात खरी पारख असते ती भोकाची. किडीने आत शिरताना टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलेलं असतं, बाहेरून दाणा टणटणीत आणि आत पीठ. असे दाणे भिजत घातले की मोड येत नाही, बिरड्याला वास येतो. ती दाराच्या उजेडात सूप घेऊन बसायची आणि बोलता बोलता ते दाणे बाजूला टाकायची. मी तसा दाणा पोत्यात पाहिला तर दाताने फोडून बघतो आणि सबंध पोतं परत करतो. एक भोक दिसलं म्हणजे आत किती असतील ते सांगावं लागत नाही.

तर एकदा थंडीत, आमचा माल नेहमी नेणारी खानावळवाली पिशवी घेऊन परत आली. गल्ल्यासमोर तिने मूठभर वाल ओतले.

"शेठ, हे निवडलेले वाल? माझ्या गिऱ्हाइकाने ताटातून अळी काढून दाखवली मला."

मी तिचा माल बदलून दिला आणि ती वळायच्या आत बायकोवर ओरडलो. "डोळं कुठं ठेवलंस गो? चार घरं फिरतंय ध्यान?"

ती म्हणाली, "दिसत नाय हल्ली बारीक. चष्मा पायजे असंल."

एवढंच होतं. पन्नाशी आली की चष्मा लागतो, मलाही लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पेणमधल्या त्या नव्या दुकानात घेऊन गेलो. डोळे तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागत होतं. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, काचा बदलल्या, मग एका यंत्रावर तिची हनुवटी टेकवून आत उजेड मारला. त्यावर त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "काकू, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा एक फोटो घेते."

मी लगेच विचारलं, "त्याचे वेगळे?"

"नाही काका. त्याचे काही नाही."

फुकट म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. फुकट देणारा कुठेतरी वसूल करतोच.

फोटो समोरच्या स्क्रीनवर आला. मोठं केशरी वर्तुळ, त्यात झाडाच्या मुळांसारख्या शिरा, आणि मध्ये मध्ये बारीक लाल ठिपके. बाईंनी पेनाच्या टोकाने एकेक ठिपका दाखवला. "इथे रक्त झिरपलेलं दिसतंय. हे नुसत्या चष्म्याचं काम नाही. काकू, तहान फार लागते का? लघवीला सारखं जावं लागतं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तहान लागते. पन ऊन पन तसंच आसतं."

"थंडीत?" बाईंनी विचारलं.

"शुगर आणि बीपी, दोन्ही या आठवड्यात तपासून घ्या. आणि पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, पनवेलला. मी चिठ्ठी देते. पुढे ढकलू नका." हे सगळं त्याच हळू आवाजात.

मला वाटलं, झालं. आलो चष्म्याला आणि आता हे पनवेल दाखवतात. तिथला डॉक्टर ह्यांना कट देणार. आमच्याकडे दलाल कसे बोलतात ते मला माहीत आहे, "शेठ, त्याच्याकडे जा, माझं नाव सांगा." मी चिठ्ठीचा विषय बाजूला ठेवून चष्म्याचं विचारलं. त्यांनी भाव सांगितला. मी म्हटलं, एवढ्यात तर दोन होतात. त्या म्हणाल्या, काच चांगली आहे. मी बायकोला म्हटलं, "चल गो, ऊठ," आणि दाराकडे दोन पावलं चाललो.

"काका, थांबा," मागून हाक आली. "कमी करते. चष्मा मात्र इथूनच करा."

आणि खरंच बराच कमी केला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात हिशेब बसला. चष्म्याचा भाव फुगवलेला, म्हणजे पडद्याचं बोलणंही फुगवलेलं. ज्या तोंडातून एक आकडा उतरला त्याच तोंडातून ते लाल ठिपकेही आले होते. मी हसून "विचार करून सांगतो" म्हटलं. चिठ्ठी घेतली, कारण कागद मी टाकत नाही, आणि टेम्पोच्या खणात ठेवून दिली.

पुढच्याच आठवड्यात रोह्याला माल बघायला जायचं होतं. बायकोला बरोबर घेतलं. रोह्याचा चष्मेवाला माझ्या डोक्यावर पोतं होतं तेव्हापासूनचा ओळखीचा. दुकान जुनं, यंत्र नाही, काचांची लाकडी पेटी आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता.

जाताना टेम्पोत ती म्हणाली, "त्या बाई काय म्हनल्या त्ये ह्यांना सांगू या ना."

"तू गप बस. मी बोलतो."

चष्मेवाल्याने नंबर काढला. दोन काचा पुढे-मागे करून मान हलवली. "उजव्याला म्हणावं तेवढं साफ येत नाही. वहिनी, अजून काय त्रास? कोणी काय सांगितलं होतं का?"

ती तोंड उघडत होती. मी बाकाखाली तिच्या पायावर पाय ठेवला. दुसऱ्याला पहिल्याचा भाव सांगायचा नसतो.

"काय नाय," मी म्हणालो. "वयाचं हाय. तू चष्मा दे."

त्याने चष्मा दिला, पेणच्या उतरवलेल्या भावापेक्षाही कमी. शुगरचं, पडद्याचं, रक्ताचं एक अक्षर तो बोलला नाही. परत येताना मी खुशीत होतो. "बघितलंस? एक म्हनतो आभाळ पडलं, दुसरा म्हनतो वय झालं. खालचा भाव खरा." ती चष्मा डोळ्यावर ठेवून खिडकीबाहेर बघत होती. काय दिसतंय, हे मी विचारलं नाही.

फाल्गुनात नवा वाल आला, तो तिने निवडला. खानावळवाली पुन्हा एकदा कुरकुरली. मी एका बाईला रोजावर बसवलं आणि बायकोला म्हटलं, तू खडे काढ. पावसाळा सरत आला. ती बारीक झाली, पाण्याचा तांब्या तिच्या हातातून सुटत नव्हता. शेजारची बाई म्हणायची, वजन उतरलं, बरंच झालं. मीही मान हलवायचो.

गणपती गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती सूप घेऊन बसली होती आणि बोटाने सुपातलं काहीतरी सारखं बाजूला सारत होती.

"काय करतेस?"

"ह्ये काळं काय पडलंय वालात? केसं हायत का? निघतच नायत."

मी वाकून बघितलं. सुपात तांबूस वाल होते, दुसरं काही नव्हतं. "काय नाय त्यात!" मी ओरडलो. तिने पुन्हा बोट फिरवलं. मग हात थांबवला आणि डावा डोळा तळव्याने झाकला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी दिसत नाय."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

पनवेलला नेलं. तिथे रक्त तपासलं, शुगर एवढी निघाली की त्यांनी पुन्हा तपासून बघितली. बीपीही वर, आणि मूत्रपिंडावर थोडा ताण. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून पडदा बघितला. उजव्या डोळ्यात आत रक्त पसरलं होतं आणि पडदा ओढला जाऊन मधल्या भागातून सुटला होता. ते म्हणाले, "उजव्याची बारीक नजर परत येईल असं मी सांगणार नाही. डाव्याला लेझर करू, इंजेक्शनं देऊ. आहे तेवढी टिकवायचा प्रयत्न." मग तिला विचारलं, "मावशी, याआधी पडदा कोणी बघितला नव्हता?"

"बघितला व्हता," ती म्हणाली. "पेनला. चिठ्ठी पन दिलेली."

"कधी?"

"थंडीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साहेब, थोडी तरी येईल ना? अर्धी? समोरचा माणूस ओळखता येईल एवढी?"

"त्या डोळ्याची नाही."

मी उठलो. कसा ते मला सांगता येणार नाही, पाय आपोआप उठले. दाराकडे दोन पावलं चाललो. मागे पंख्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी पुढचा कागद उचलल्याचा आवाज आला. मी परत येऊन खुर्चीवर बसलो.

पेणला आल्यावर मी एकटा त्या चष्म्याच्या दुकानात गेलो. टेम्पोच्या खणातली चिठ्ठी हातात होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच मी सुरू झालो. "तुम्हाला ठाऊक होतं, तर भाव कशाला उतरवलात? ठाम राहायचं होतं! एक पैसा सोडला नसतात तर मी तुमचं ऐकलं असतं!"

बाईंनी चिठ्ठी घेतली, वाचली, तारीख बघितली. त्यांचा चेहरा पडला. आवाज तेवढाच हळू. "काका, तुम्ही निघाला होता. चष्मा इथे केला असतात तर तो न्यायला काकू परत आल्या असत्या. तेव्हा मी पुन्हा विचारलं असतं, रक्त तपासलं का म्हणून."

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. चिठ्ठी तिथेच राहिली. पण राग माझा गेला नाही. आजही त्या दुकानावरून जाताना मी समोरच्या बाजूने जातो. मूर्खपणा आहे, मला कळतं.

घरी मी बायकोला म्हटलं, "तुला तवाच पटलं व्हतं तिचं?"

"व्हय."

"मग बोललीस का नाय? रोह्याला, त्याच्याम्होरं?"

ती वाल चाचपत होती. "तुमच्याशी घासाघीस कोन करनार? मी कवा जिंकले?"

आता डाव्या डोळ्याला दर काही आठवड्यांनी इंजेक्शन असतं. रोजावरच्या बाईला मी काढलेलं नाही, पण बायको सूप सोडत नाही. खडे ती बोटांनी पकडते, एकही सुटत नाही. भोकं बोटांना लागत नाहीत. ती डावा डोळा दाण्यांच्या जवळ नेऊन निवडते, झालं की सूप माझ्याकडे सरकवते, आणि मी तिच्यासमोरच दुसऱ्यांदा निवडतो. सुटलेले दाणे तळहातावर घेतो. पहिले काही दिवस मी ते गुपचूप खिशात टाकायचो, पण तिने एकदा माझ्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि तेव्हापासून मी खरं तेच सांगतो.

"किती निघालं आज?" काल तिने विचारलं.

"सतरा."

"परवा अकरा व्हते," ती म्हणाली. मग सूप उचललं आणि चाचपडत दाराच्या आणखी जवळ, उजेडात सरकून बसली.