आडनाव न विचारणाऱ्या सिस्टरबाई

खोली दाखवताना सिस्टरबाईंनी माझं आडनाव विचारलं नाही, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती, लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि किनवटहून आलेल्या मला खोली हवी होती. आम्ही बौद्ध. चार घरमालकांना आडनाव ऐकल्यावर खोली आधीच गेल्याचं आठवलं होतं. वडील म्हणाले, "न्हाई इचारलं? मंग कायतरी हाय. नीट बघून ऱ्हा."

बाई मूळच्या अलिबागकडच्या, भूकंपात नर्स म्हणून आल्या आणि इथंच राहिल्या. बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावायच्या, चांदीच्या प्याल्यात मनुकांचं सरबत ओतून प्रार्थना म्हणायच्या. प्रार्थना म्हणणाऱ्यानं आधी प्यायचं असतं, पण त्या प्याला आधी मला द्यायच्या. माझ्यानंतर तो विसळतात का, यावर माझा डोळा असे. कधी विसळला नाही. माझा संशय वाढलाच.

शेवटी विचारलं. म्हणाल्या, "आमच्यातही गोरे इस्राएल अन् काळे इस्राएल होते. माझी आजी गोरी. काळ्यांना या प्याल्याला हात लावू द्यायची नाही. म्हणून दर शुक्रवारी तुला आधी देऊन मी स्वतःची झडती घेते. माझा माझ्यावर भरवसा नाही." त्या दिवशी मला बाईंविषयी माया वाटली.

मग अलिबागहून त्यांची आत्या आली. त्या शुक्रवारी प्याला त्या दोघींतच फिरला आणि माझ्या हातात स्टीलचा ग्लास आला. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. सकाळी ट्रंक उचलून मी मैत्रिणीच्या खोलीवर गेले. वाटेत फार रडले.

शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी बाई रिक्षात बसत नसत. तरी त्याच दुपारी भर उन्हात चालत क्लासच्या फाटकाशी आल्या. "आत्याला भ्यायले गं. आमच्यात अशी माफी देवाकडे मागून भागत नाही, जिचं वाईट केलं तिच्याकडेच मागायची. तीनदा." मी वर्गात निघून गेले. परीक्षेआधी पुन्हा आल्या, तेव्हाही मी पाठ फिरवली.

पुढं त्या इस्राएलला गेल्या. खूप वर्षांनी माझ्या मुलीला लातूरच्या क्लासला घालायचं चाललं होतं, तेव्हा कुठून तरी पत्ता मिळवून त्यांनी पत्र पाठवलं. 'इथले गोरे ज्यू विचारतात, तू खरी ज्यू कशावरून? तुझा चेहरा आठवतो. तिसऱ्यांदा मागते आहे.'

स्वतःचं मन हलकं करायला लिहिलं असेल, असं वाटलं. असेलही. मी उत्तर धाडलं: 'माफ अजून केलेलं नाही. पण तुम्ही लातुरात असता, तर मुलीला तुमच्याकडेच ठेवलं असतं.'