आतून घासलेली घागर

“डाक्टर, तुमच्या औषदानं आमचे अजून तीन गेले.”

नानासाहेबांनी केळीच्या पानावर मांडलेले तीन लाल मासे माझ्यापुढे सरकवले. मी सायकलवरून अजून धड उतरलोही नव्हतो. मेहकरहून जानेफळपर्यंत धूळ खात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. मला मासे दाखवले.

मी ढोरांचा डॉक्टर. कागदोपत्री ‘व्हेटर्नरी असिस्टंट’. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमच्या दवाखान्याचे कागद नागपूरपर्यंत फिरून यायचे. बैलाचं पोट फुगलं, म्हैस अडली, तोंडखुरी आली की मला बोलावणं. माशांवर कॉलेजात एक तासही झाला नव्हता. तरी नानासाहेबांना नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. लस टोचायला गेलो की सगळं जानेफळ आधी बघायचं, नानासाहेबांनी आपले बैल पुढे आणले का. त्यांनी आणले की बाकीचे निमूट रांगेत यायचे.

माशांची हकिकत अशी. बुलढाण्याच्या एका साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला. नानासाहेब खुर्च्या घ्यायला गेले आणि लोखंडी चौकटीची काचेची पेटी आणि चौदा लाल मासे घेऊन परत आले. साहेबाच्या बटलरने बजावलं होतं की विहिरीचं पाणी एकदम ओतू नका, रात्रभर भांड्यात निवू द्या, मग घाला. त्याच साली नानासाहेबांचा शेताच्या बांधाचा जुना खटला त्यांच्या बाजूने सुटला. झालं! नानासाहेबांच्या पत्नींना घरदार ‘मोठ्या बाई’ म्हणायचं. त्यांनी ठरवून टाकलं की मासे लक्ष्मीचे आहेत, त्यांचं पाणी तांब्याच्याच घागरीत निवलं पाहिजे. दोन वर्षं एकही मासा दगावला नाही.

मग उन्हाळ्यात थोरल्या मुलाचं, वसंताचं लग्न झालं. पिंपळगाव राजाची गोदा सून म्हणून घरात आली. पुढच्या महिन्याभरात पाच मासे मेले.

“पोरगी आली अन् मासे मराले लागले,” मोठ्या बाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. “पायगुण म्हंतेत तो दुसरा काय असते?”

मी त्या दिवशी हसून विषय टाळला. बायका बोलतात, विसरतात, असं मला वाटलं. मासे बघितले. उरलेले नऊ पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. मेलेल्या एकाचे कल्ले उचकटून पाहिले. मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनी. त्यांवर शेंबडासारखा चिकट थर होता. आता हवेसाठी तडफडणारं जनावर म्हटलं की डॉक्टरला एकच सुचतं, हवा खराब आहे. माशाची हवा म्हणजे पाणी. ते लोक आठवड्यातून एकदा दोन घागरी पाणी बदलत. मी सांगितलं, रोज दोन घागरी बदला. शिवाय चिमूटभर मीठ. मोठ्या रुबाबात सांगितलं आणि चार दिवसांनी परत आलो तर हे पान समोर.

“पाणी रोज बदललं?” मी विचारलं.

“रोज,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सूनबाईच बदलते. ते काम तिलेच देलं आहे.”

मी पेटी धुवायला लाल औषध दिलं, तेच जे पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात. पाणी बदलणं चालूच ठेवा म्हटलं. तेवढ्यात आतल्या दाराआडून हळू आवाज आला. गोदाचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“घागर अजून चांगली घासत जाऊ काय जी?”

“हो, हो. लख्ख घासत जा,” मी पिशवी आवरता आवरता म्हणालो.

नानासाहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. मागे वसंता होता.

“मासे गेले तं गेले, डाक्टर,” नानासाहेब आवाज खाली करून म्हणाले. “पण वसंताची माय ऐकून नाई राह्यली. सोमवारी सूनबाईले माहेरी धाडा म्हंते.”

“किती दिवस?”

“परत आणाची गोष्टच नाई.”

मी वसंताकडे पाहिलं. वीस-बाविशीचा, मॅट्रिक झालेला, अंगावर इस्त्रीचा सदरा. “वसंतराव, तुमचं काय म्हणणं आहे?”

“आई म्हंते तं...” एवढं बोलून तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मला त्याचा संताप आला. सतरा-अठरा वर्षांची मुलगी माशांपायी जन्माची टाकून देणार, आणि नवरा अंगठ्याने माती उकरतो आहे. पण संतापून काय उपयोग? मासे मरायचे थांबले तर ती राहणार होती, आणि थांबवायचे कसे ते मला ठाऊक नव्हतं. सायकलवर बसल्यावर पहिल्यांदा भीती वाटली.

दोन दिवसांनी अकोल्याचे इन्स्पेक्टर दवाखाना तपासायला आले. त्यांनी माझी दौऱ्याची डायरी उघडली.

“जानेफळ, दोन व्हिजिट. कोणता कॅटल डिसीज?”

“मासे आहेत, सर.”

“मासे? रजिस्टरमध्ये मासे कुठे बसतात?”

“‘इतर’ या कॉलममध्ये, सर.”

“तिसऱ्यांदा सरकारी वेळेत गेलात तर एक्स्प्लनेशन द्यावं लागेल.”

म्हणून तिसऱ्यांदा मी रविवारी गेलो. रविवार माझा होता.

घरात शिरायच्या आधीच दमणी दिसली. धुऊन काढलेली, गाडीवान चाकांना वंगण घालत होता. ओसरीवर गोदाची पत्र्याची ट्रंक बांधून ठेवलेली. पेटीत दोन मासे उरले होते. माझ्या लाल औषधानंतर आणखी चार मेले होते. उरलेले दोन पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते, अगदी पहिल्या दिवशीसारखे.

मी पेटीसमोर बसून राहिलो. काच पाहिली, चौकटीचा गंज पाहिला, माशांना घालायच्या कणकेची गोळी वास घेऊन पाहिली. नानासाहेबांनी ताक आणायला सांगितलं. आतून मोठ्या बाईंचा आवाज आला.

“अवं, ताक त्या तांब्यात काऊन ओतून राह्यली? कळकते ना ते! चिनीच्या पेल्यात दे.”

मी कणकेची गोळी खाली ठेवली. कळकणं हा शब्द आपल्या घराघरात आहे. उघड्या तांब्या-पितळेत आंबट काही ठेवलं की धातू त्यात उतरतो, चव फिरते, खाणाऱ्याला मळमळतं. कल्हई करतात ती त्यासाठीच. हे समजायला बायकांना कॉलेजात जावं लागत नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो होतो आणि आठवडाभर या घरात नुसता पाणी बदला, पाणी बदला म्हणत होतो.

“बाई, माशांची घागर मला दाखवता का?”

त्यांनी स्वतः आणून दिली. त्यांच्या सासूच्या वेळची जाड तांब्याची घागर. मी आत हात घातला. गुळगुळीत, नव्या नाण्यासारखी. हाताला चिंचेचा वास आला. बोट जिभेला लावलं आणि थुंकलो.

“आतून कोण घासतं?”

“सूनबाई. रोज, चिंच लावून,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पह्यले मोलकरीण होती, तिनं कधी आतून हात नाई घातला. पांढरा खार चढला होता बोटभर. मीच सूनबाईले सांगतलं, माह्या घरची घागर आतून बी आरशावानी पाह्यजे.”

सगळं कळलं. तिथल्या विहिरीचं पाणी जड, भांड्यात पांढरा थर धरणारं. तो थर दोन वर्षं तांब्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभा होता. नव्या सुनेने सासूचं ऐकलं आणि तो चिंचेने उतरवला. मग उघडं तांबं, वर चिंचेचा आंबटपणा, आणि त्यात रात्रभर निवलेलं पाणी. माणसाला त्याने फारसं काही झालं नसतं. पण माशाचा श्वासच पाण्यातून चालतो. आठवड्याला दोन घागरी मिळत होत्या तोवर पाच मेले. मी रोज द्यायला लावल्या, तेव्हा सात.

निदान हातात होतं आणि ते बोलायची मला हिंमत होईना. त्या घरात त्याचा अर्थ काय निघाला असता? सून आली, सुनेने घागर घासली, मासे मेले. म्हणजे पायगुणच, आता सरकारी डॉक्टरही म्हणतो! मोठ्या बाईंना चारचौघांत ‘तुम्ही सांगितलं म्हणून’ म्हटलं असतं तर त्यांनी दमणी तिथल्या तिथे जुंपली असती. ती बाई हरायला तयार होणारी नव्हती.

म्हणून मी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, “दमणी उद्या निघायची आहे ना? मग मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या.”

वसंताला बाजूला घेतलं. “ओढ्याच्या डोहातले बारीक मासे हवेत. डझनभर. जिवंत.”

तो उपरणं घेऊन निघाला. तासाभराने परत आला तेव्हा इस्त्रीचा सदरा चिखलाने माखलेला, धोतर मांडीपर्यंत ओलं आणि मडक्यात बारा मासे वळवळत होते. मडकं माझ्या हातात देताना त्याने विचारलं, “हे केल्यानं ती राह्यीन काय जी?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. पण त्याच्यावरचा माझा राग बराच उतरला.

मग मी मोठ्या बाईंना म्हटलं, “सूनबाईंना रोजच्यासारखी घागर घासू द्या.” गोदा मोरीवर बसली. ट्रंक बांधून तयार असलेली मुलगी चिंच घेऊन ती घागर घासत होती, आतून, बाहेरून, काठाखाली, जराही अंगचोरपणा न करता. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. एकाच विहिरीचं पाणी मी घागरीत आणि मातीच्या माठात भरलं. सहा मासे इकडे, सहा तिकडे. दोन्हींवर फडकं बांधलं. उरलेले दोन लाल मासे दुसऱ्या माठातल्या पाण्यात सोडले आणि मुक्कामाला शाळेत गेलो.

सकाळी गेलो तर बैल जुंपलेले होते. गोदा डोक्यावर पदर घेऊन ट्रंकेजवळ उभी. नानासाहेब, वसंता, गाडीवान, सगळे अंगणात.

माठाचं फडकं मी सोडलं. सहाही मासे फिरत होते.

घागर मोठ्या बाईंनी मला उचलू दिली नाही. स्वतः कमरेत वाकून परातीत उपडी केली. पाण्याबरोबर सहा मासे बाहेर आले आणि परातीच्या तळाशी पांढरी पोटं वर करून पडले. मोठ्या बाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“कळकलं,” त्या म्हणाल्या.

आता कोणीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. “चूक माझी आहे, बाई. रोज पाणी बदला असं मी सांगितलं. सूनबाईंनी विचारलं होतं, घागर अजून घासू का. मीच म्हटलं, लख्ख घास.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. मला वाटलं, बाईंना वाट करून दिली, त्या दोष माझ्यावर टाकतील आणि सगळं मिटेल. पण त्या हुशार होत्या.

“पह्यले पाच तं तुमी यायच्या आंधीच मेले,” त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई परातीकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे पाहिलं. तिचे हात चिंचेने उलले होते. ते मलाही त्याच वेळी दिसले.

“पह्यले पाच माह्यावर,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सात तुमच्यावर. तिच्यावर एक बी नाई.”

आणि गाडीवानाला म्हणाल्या, “बैल सोड रे. काऊन उभा राह्यला?”

ट्रंक वसंताने आत नेली. कोणी सांगायच्या आधी नेली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ते दोन लाल मासे जगले. माठाच्या पाण्यावर पुढे बरीच वर्षं होते असं ऐकलं. माझं नाव मात्र त्या भागात ‘मासेमाऱ्या डाक्टर’ पडलं ते बदली होईपर्यंत गेलं नाही. पुढच्या वेळी लस टोचायला गेलो तेव्हा नानासाहेबांचे बैल नेहमीसारखे पहिले आले, पण मागून कोणीतरी ओरडलंच, “डाक्टर, तेवढं पाणी नका बदलू!” सगळी रांग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

रजिस्टरमध्ये ‘इतर’ कॉलमखाली मी लिहिलं, ‘बारा मृत. कारण: स्वच्छता.’ इन्स्पेक्टरांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला, ‘खुलासा करावा.’ मी केला नाही.

खुलासा खरं तर एवढाच होता. त्या मुलीने मला दाराआडून विचारलं होतं. घरातलं कोणी तिचं ऐकत नसताना, सगळं धाडस गोळा करून विचारलं होतं, आणि मी पिशवीचा पट्टा आवळत हो म्हणून मोकळा झालो. ‘कशानं घासता?’ एवढे दोन शब्द उलट विचारले असते तर माझ्या वाट्याच्या सातांतले चार मासे तरी वाचले असते. त्यानंतर नोकरीत मी हे दोन शब्द इतक्या वेळा विचारले की गोठ्यातले लोक कंटाळायचे.