आमोसचा खोकला

जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातल्या आमोस उजागरे फिटरला चर्चमध्ये नेमका एकाच ओळीला खोकला यायचा. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही इतरांना क्षमा केली’ असं म्हणायची वेळ आली, की गडी खोकत सुटायचा. देवासमोर खोटं बोलण्यापेक्षा खोकलेलं बरं.

याला कारण शेजारचा श्रीरंग. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट असताना आमोसने नाताळचा कागदी तारा दारावर टांगला, तोही दिवा न लावता. श्रीरंगने ब्लॅकआउटवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनच्या कानावर घातलं, की हा विमानांना खूण करून राहिला. वॉर्डनने तारा पायाखाली तुडवला.

वर्षभर अबोला धरून शेवटी आमोसचाच जीव शिणला. पुढच्या नाताळात तो सरळ श्रीरंगच्या दारात जाऊन उभा राहिला.

‘भाऊ, यंदा आमच्याकडे तारा नाही. तुमचा दिवाळीचा आकाशकंदील देता काय?’

श्रीरंग ओशाळला. त्याने माळ्यावरून कंदील काढला, आमोसच्या दारावर स्वतः टांगला आणि दिवाही लावला.

रविवारी ती ओळ आली. आमोसने ती निवांत, खणखणीत म्हटली. बायको विनताने चमकून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘काहून जी, तब्येत बरी नाही काय?’