आप्पांच्या पेटीतली निमोण्याची हवा

धुळीचा इतका मान राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या बहिणीचे हे चुलतसासरे, सगळ्यांचे आप्पा, पुण्याच्या एका हवामान प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन शिरूर तालुक्यातल्या निमोण्याला आले ते आइस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीझर घेऊनच. रस्त्याने मेंढरं निघाली की बाकीचे तोंडाला उपरणं लावत. आप्पा हातातला चहा टाकून सायकलचा पंप घेऊन अंगणात धावत. ढगात बर्फ धरायला आधी धुळीचा कण लागतो, आणि तसली धूळ आपल्या हवेत भरपूर आहे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. नोकरीत असताना हे बोलल्यावर साहेब हसले होते. ते हसू आप्पांच्या मनात रुतून बसलं होतं. "शिरूरची धूळ बर्फ धरती का न्हाई, दावतोच," असं ते जेवता जेवता मध्येच म्हणत, आणि वाढणाऱ्याला वाटे भाजीत काहीतरी पडलं.

फ्रीझर पडवीत असे, आणि त्याच्या तळाशी ताटात साखरेचा पातळ पाक. पंपाने अंगणातली हवा आत भरायची, तोंडाची वाफ सोडून धुकं करायचं आणि टॉर्च लावून बघत बसायचं. हवेत हवे ते कण असले तर धुक्यात बर्फाचे बारीक दाणे धरतात, पाकात पडून साबुदाण्यासारखे फुगतात, मग ते मोजायचे. हा सगळा सोहळा दुपारच्या लोडशेडिंगआधी उरकावा लागे. पेटीजवळ शिंकायला बंदी होती. आमच्या दाजींना एकदा शिंक येतेयसं दिसलं, तर आप्पांनी त्यांना थेट गोठ्याकडे पिटाळलं.

पण पाकात काही पडेना. आप्पा रोज रिकामं ताट टॉर्चखाली फिरवून बघत. "आपलीच हवा खोटी निघाली रं," एकदा मला म्हणाले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

मग काकू, म्हणजे त्यांची बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी कुरकुंभला गेल्या, आणि ताट गच्च भरू लागलं. आप्पांनी मला हाताला धरून पेटीपाशी नेलं. मी ताट बघितलं, मग कोरडं अंगण बघितलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याच्या कामाला यश यावं म्हणून काकू रोज सकाळी अंगणभर सडा घालायच्या. चांगल्या कामाआधी सडा हवाच. धूळ बिचारी जमिनीलाच धरून बसायची.

हे सांगितल्यावर आप्पा पोट धरून हसले.

"मग साहेबांना कळवा की," मी म्हणालो.

"हे चार दिसांचं कोण मानतंय? वरीसभराचं दावाया पायजे. आन् ती तर परवा येतीय." मग म्हणाले, "तिला ह्यातलं काय बोलू नगंस."

आता दोघंही नाहीत. त्यांची फार आठवण येते, आणि डोळ्यांपुढे येते ती काकू परतल्या ती सकाळ. पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी बादली उचलली.

"मी न्हवते, तुमचं काम अडलं असंल."

"अडलंच हुतं," आप्पा म्हणाले, आणि सडा पुरा होईपर्यंत पंप हातात धरून पडवीत थांबून राहिले.